बाबुरावांना कुणी धरून दिले?

१८ सप्टेंबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके इंग्रजांच्या हाती लागले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात त्यांना फासावर चढवण्यात आले. वय अवघे २५. हा इतिहास आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे. जयंतीला मिरवणूक निघते, पुण्यतिथीला हार पडतात, पुढारी येतात, घसा ताणून बोलतात. आणि भाषण ऐन ठिकाणी पोहोचले की जीभ चाचरते. ‘फितुरीमुळे बाबुराव पकडले गेले’ एवढे उरकून वक्ता घाईघाईने फासाच्या दोराकडे वळतो. फितुरी काय आभाळातून पडते? तिला हात असतात, पाय असतात, नाव असते, गाव असते आणि काम फत्ते झाल्यावर तिच्या पदरात बक्षीसही पडते. मग ते नाव घेताना आमच्या पुढाऱ्यांच्या घशाला कोरड का पडते?

आम्ही ते नाव घेतो. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. तिच्या माणसांनी बाबुरावांना धरले. तिने त्यांना चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या स्वाधीन केले. आणि या सेवेचे मोल म्हणून इंग्रज सरकारने तिला अडपल्ली आणि घोट या जप्त जमीनदाऱ्यांची ६७ गावे बहाल केली. हे आम्ही पदरचे सांगत नाही. ज्यांनी फाशी दिली त्या इंग्रजांनीच आपल्या चांदा जिल्ह्याच्या गॅझेटियरात हे नोंदवून ठेवले आहे, आणि तेही कौतुकाने. इनाम देणाऱ्याला ते लिहिताना संकोच वाटला नाही. ज्यांचा माणूस गेला त्या आम्हाला मात्र ते मोठ्याने वाचायचा संकोच वाटतो. या संकोचाविरुद्धच आजचा हा अग्रलेख आहे.

काळ नीट ध्यानात घ्या. चांद्याची गोंड राजांची गादी १७५१ सालीच नागपूरकर भोसल्यांच्या घशात गेली होती. पुढे डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि १८५४ सालापासून चांद्यावर साहेबाचा अंमल सुरू झाला. म्हणजे बाबुराव उठले तेव्हा इंग्रजाला या मुलखात पाय रोवून उणीपुरी चार वर्षे झाली होती. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगण्यावर चाल केली. नांदगाव-घोसरीला इंग्रजांच्या फौजेशी झुंज दिली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंड आणि रोहिले यांची फौज उभी राहिली आणि डोंगर, नाले, सागवानाचे रान यांच्या भरवशावर एक तरुण जमीनदार जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्तेला आव्हान देऊ लागला.

आता हे पाहा की मार्च १८५८ म्हणजे कोणता काळ. दिल्ली आदल्याच सप्टेंबरात पडली होती. त्याच सप्टेंबरात, १८ तारखेला, जबलपुरात गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिले होते. लखनौ त्या मार्चमध्येच इंग्रजांनी परत घेतले. झाशी एप्रिलच्या आरंभी पडली. म्हणजे उत्तरेत सगळीकडे वारे फिरले होते. जिंकणाऱ्याच्या बाजूला जायचे असते तर बाबुरावांनाही वारे कळत होते. रायपुरात शिकलेला माणूस होता तो, जगाची खबर नसलेला रानातला भोळा पोर नव्हता. बाजू हरत असताना तो उठला. त्याच्या थोरवीचा सारा अर्थ आम्हाला इथे सापडतो. आणि तेच वारे अहेरीच्या वाड्यातही पोहोचले होते. तिथे त्याचा हिशेब मांडला गेला.

२९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तीन इंग्रज नोकरांच्या तळावर बंडवाल्यांनी घाला घातला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला. हे घडले, आणि ते झाकून ठेवायचे आम्हाला कारण नाही. युद्ध पेटलेले होते आणि परक्याची तार या रानातून कशासाठी ओढली जात होती हे बाबुरावांच्या माणसांना कळत होते. पण यानंतर क्रिक्टन चवताळला. तरीही त्याला बाबुराव सापडेनात. कसे सापडतील? ज्याने आमचा मुलूख पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. अहेरीपासून सूरजागडच्या डोंगरापर्यंत आणि तिथून भामरागड ओलांडून इंद्रावतीपर्यंत जे रान पसरले आहे, त्यात आजही वाटाड्याशिवाय परका माणूस चार कोस धड चालत नाही. त्या काळी रस्ता नव्हता, पूल नव्हता, पावसाळ्यात चार-चार महिने नदीपलीकडचा माणूस पलीकडेच राहायचा. गोऱ्या कप्तानाच्या बंदुका या रानापुढे मुक्या होत्या. त्याला या रानाचाच हात हवा होता. आमच्याकडे म्हातारी माणसे सांगतात, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. चांद्याच्या साहेबाकडे पाते होते. दांडा अहेरीने दिला.

अहेरी ही काही लहानसहान जमीनदारी नव्हती. चांदा जिल्ह्यातल्या जमीनदाऱ्यांत ती पहिल्या मानाची, सर्वांत विस्तृत. चांद्याच्या राजघराण्याशी नाते सांगणारे हे घराणे. मोलमपल्ली याच अहेरीच्या छायेतली छोटी जमीनदारी. म्हणजे धरला गेला तो आपल्याच मुलखातला, आपल्याच जातगोताचा, आपल्याच मानाखाली वाढलेला पोर होता. ज्याच्यावर पांघरूण घालणे हे वडीलधाऱ्या घराण्याचे पहिले कर्तव्य, त्याचाच माग वडीलधाऱ्या घराण्याने काढला.

यात एक गोष्ट अशी आहे की जी आठवली की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. बाबुराव आधी एकदा भोपालपट्टणमला पकडले गेले होते. पहाऱ्यावर अहेरीचे रोहिले होते. रोहिले म्हणजे दूरदेशीचे भाडोत्री शिपाई. पगार देईल त्याच्या बाजूने तलवार उपसणारी माणसे. आमच्या पेनाशी, देवाशी, गोताशी त्यांचा संबंध काय? तरीही बाबुराव त्यांच्या हातून सुटले, आणि सांगतात ते असे की त्यांचे म्हणणे ऐकून रोहिल्यांनीच त्यांना जाऊ दिले. ज्यांना या मातीचे काही देणे नव्हते त्यांना पाझर फुटला! आणि ज्यांचे सगळे वैभव याच मातीतून आले होते त्यांनी दुसऱ्यांदा फास टाकला, आणि या वेळी गाठ नीट आवळली.

१८ सप्टेंबरला नेमके कसे धरले, याविषयी लोक अनेक प्रकारे बोलतात. जेवायला बोलावून पानावरून धरले, असेही सांगणारे आहेत. आम्ही त्या कथेवर उभे राहत नाही. लोकांची वेदना गोष्टीला तपशील जोडत जाते. आम्हाला कागद पुरेसा आहे. कागद म्हणतो, लक्ष्मीबाईच्या माणसांनी धरले आणि क्रिक्टनच्या हवाली केले. पुढे ३३ दिवसांत सगळे आटोपले. चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळाच्या झाडाला दोर बांधला गेला. जबलपूरच्या तोफेच्या बरोबर एक वर्षानंतर, त्याच तारखेला, गोंडवनाचा दुसरा वीर बांधून नेला जात होता, हे त्या दिवशी अहेरीत कुणाच्या मनात आले असेल काय?

व्यंकटराव बस्तरात निसटले. तिथेही तोच प्रकार. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांकडे सोपवले. जन्मठेप काळ्या पाण्याची आणि सगळी मिळकत जप्त. ती जप्त मिळकत म्हणजेच ही ६७ गावे. ती सरकारने आपल्या खजिन्यातून आणली नव्हती, विलायतेहून पाठवली नव्हती. हरलेल्या भावाच्या चुलीवरून उचलून ती धरून देणाऱ्याच्या ताटात वाढली. आणि गाव म्हणजे काय? गाव म्हणजे कागदावरचा आकडा काय? त्यात गायता असतो, गोटूल असते, मोहाची झाडे असतात, पुरलेले पूर्वज असतात, पेरणीआधी पेनाला कोंबडे दाखवणारी बाया-माणसे असतात. व्यंकटरावांच्या मागे उभ्या राहिलेल्या या माणसांना एका सकाळी कळले असेल की आपला मालक बदलला, आणि नवा मालक तोच आहे ज्याने बंड मोडायला साहेबाला हात दिला. ज्यांनी लढवय्यांना भाकर दिली, त्यांनी यापुढे फितुराला सारा द्यायचा! शिक्षेचा याहून नीच प्रकार आम्हाला ठाऊक नाही. ही जमीनदारी पद्धतच मुळी १९५१ साली कायद्याने गेली. तोवर नऊ दशके हा मुलूख अशाच दानपत्रांवर राबत राहिला.

आता समर्थकांचे म्हणणे ऐकू. ते आम्ही खासगीत पुष्कळदा ऐकले आहे. ‘बाईचा नाइलाज होता. साहेबाचा दाब होता. तिने नकार दिला असता तर अहेरीही जप्त झाली असती, रयत चिरडली गेली असती. तिने आपली माणसे वाचवली.’

दाब असेल. इंग्रजाने दाब टाकला नसेल असे कोण म्हणेल? पण दाबाखालच्या माणसाला शंभर वाटा असतात. माग लागत नाही म्हणता येते. माणसे उशिरा पाठवता येतात, चुकीच्या नाल्याने पाठवता येतात, आजारी पडता येते. या रानातल्या साध्या पाटलाला ही युक्ती ठाऊक असते. पहिल्या मानाच्या जमीनदारिणीला ठाऊक नव्हती? भोपालपट्टणमला बाबुराव सुटले तेव्हा दैवाने अहेरीला एक सबब आयती दिली होती: आम्ही धरला होता, तो निसटला, आता आमच्या हाती काही नाही. ती सबब अहेरीने वापरली नाही. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते इनाम. नाइलाजाने केलेल्या कामाचे इनाम कुणी घेत नाही. ज्याचा हात पिरगाळून त्याच्याकडून पाप करवून घेतले, तो त्या पापाची किंमत मोजून घेत नाही, किंमत पुढे आली तर तोंड फिरवतो. लक्ष्मीबाईने ६७ गावे घेतली. घेतली त्या दिवशी नाइलाजाची गोष्ट संपली.

हा ‘आपली माणसे वाचवली’चा राग जगभर आळवला गेला आहे. दूरवरचे एक उदाहरण आम्ही मुद्दाम देतो, कारण त्यात आमच्याच दुखण्याचे मोठे रूप दिसते. युरोपात सर्बिया नावाचा देश आहे. १९४१ च्या एप्रिलमध्ये हिटलरने बेलग्रेडवर बाँब टाकले आणि अकरा दिवसांत युगोस्लाव्हियाची फौज शरण आली. पण उन्हाळ्यात तिथले लोक डोंगरात शिरून लढू लागले. जर्मनांना क्रिक्टनसारखीच अडचण आली: रान परके, माणसे परकी. त्यांनाही घरचा दांडा हवा होता. तो त्यांना मिलान नेडिच या सेनापतीत सापडला. २९ ऑगस्ट १९४१ ला नेडिच जर्मनांच्या हुकमतीखाली सर्बियाचा पंतप्रधान झाला, आणि आपल्या सरकारला त्याने नाव दिले राष्ट्राच्या उद्धाराचे सरकार! तोही म्हणे, मी सर्ब माणूस जगवायला ही गादी पत्करली. त्याचे चाहते आजही लाखो निर्वासितांना त्याने आसरा दिल्याचा दाखला देतात. निर्वासित आले, त्यांना आसरा मिळाला, हे खरे. पण या ‘नाइलाजा’ची मुळे खणून काढा. हा नेडिच युद्धाआधी युगोस्लाव्हियाचा लष्करमंत्री होता आणि १९४० च्या नोव्हेंबरात त्याला त्या पदावरून दूर केले ते हिटलरशी हातमिळवणी करावी असा आग्रह त्याने धरल्यानंतर. म्हणजे जर्मन फौज दारात येण्याआधीच मनाने हा माणूस त्यांच्या दारात जाऊन बसला होता. पुढे नाइलाजाचे पांघरूण घेतले, एवढेच.

आणि त्या उद्धाराच्या राज्यात काय झाले? एका मेलेल्या जर्मन शिपायामागे शंभर सर्ब आणि एका जखमीमागे पन्नास, असा जर्मनांचा हुकूम होता. क्रागुयेवाच या गावात या हुकमानुसार अडीच हजारांहून अधिक माणसे गोळ्यांनी उडवली गेली. त्यात शाळेतली मुले होती, त्यांचे मास्तर होते. ही माणसे गोळा करण्याच्या कामात सर्बच असलेला दिमित्रिये ल्योतिच याच्या स्वयंसेवकांचे हात होते. हा ल्योतिच नेडिचचाच नातलग. निवडणुकीत ज्याच्या पक्षाला शंभरातला एखादाच मतदार मत देई, असा पुढारी. लोकांनी ज्याला उभे केले नाही त्याला परक्याच्या बंदुकीने उभे केले. बेलग्रेडजवळच्या बान्यित्साच्या छावणीत गेस्टापोबरोबर सर्बियन पोलीस पहाऱ्याला होते. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये हाराल्ड टर्नर नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने सर्बियातला ज्यूंचा प्रश्न सुटला अशी फुशारकी मारली. सुटला म्हणजे माणसे मारून संपवली. हे आपली माणसे वाचवणाऱ्यांचे राज्य!

क्रागुयेवाचला सर्वांत मोठी कत्तल झाली ती तारीख २१ ऑक्टोबर. आमच्या बाबुरावांच्या फाशीचीच तारीख. दरवर्षी त्या दिवशी तिथले लोक त्या मुलांच्या स्मारकापाशी जमतात, आणि त्याच दिवशी आमचे लोक चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाला वंदन करायला जातात. दोन मुलूख, एकमेकांचे नावही न ऐकलेले. दोघांनाही परक्याने मारले आणि दोन्हीकडे दार आतून उघडले गेले.

पण पुढे फरक पडतो, आणि तो आम्हाला खाली मान घालायला लावणारा आहे. १९४४ साली जर्मन मागे हटू लागले तसा नेडिच ऑस्ट्रियात पळाला. युद्ध संपल्यावर १९४६ च्या आरंभी त्याला युगोस्लाव्हियाच्या हवाली कुणी केले? इंग्रजांनी! ज्या साम्राज्याने चांद्यात फितुराला ६७ गावे दिली आणि देशभक्ताला फाशी, त्याच साम्राज्याने तिकडे फितुराला बांधून न्यायासाठी परत पाठवले. कारण तिकडची फितुरी त्याच्या शत्रूसाठी होती, इकडची त्याच्या स्वतःसाठी. साम्राज्यांना फितुरीचा राग नसतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये कैदेत असताना बेलग्रेडच्या रुग्णालयाच्या खिडकीतून पडून नेडिच मेला. त्याने आत्महत्या केली असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले. पुढे, इतक्या वर्षांनी, त्याला निर्दोष ठरवा म्हणून त्याच्या बाजूच्या माणसांनी कोर्टाचे दार ठोठावले. देशभर वाद झाला, वर्तमानपत्रे भरली, इतिहासकार साक्षीला उभे राहिले, आणि २०१८ साली बेलग्रेडच्या कोर्टाने तो अर्ज फेटाळला. त्या देशात नेडिचवर प्रेम करणारे थोडेथोडके नाहीत. तरीही त्यांनी तो हिशेब उघड्यावर आणला आणि उघड्यावर निकाल ऐकला. आमच्याकडे? १८५८ पासून आजतागायत एका सभेने, एका समितीने अहेरीच्या लक्ष्मीबाईचे प्रकरण समोर मांडून ‘हे पाप होते’ असा ठराव केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

का नाही? कारण जमीनदारी गेली तरी वाड्यांचा दरारा गेला नाही. कारण निवडणुका येतात आणि मते मोजायची असतात. कारण शूराचा जयजयकार फुकट असतो आणि फितुराचे नाव घेणे महाग पडते. आम्ही हे स्पष्ट सांगतो की पाप रक्तातून उतरत नाही. लक्ष्मीबाईच्या कृत्यासाठी आज जन्मलेल्या कुणालाही जाब विचारण्याचा आमचा हेतू नाही, तसा विचारणाऱ्याला आम्ही आमच्या दारात उभे करणार नाही. पण पूर्वजांच्या पापाचा जाब वंशजाला विचारू नये याचा अर्थ पूर्वजांचे पाप झाकून ठेवावे असा होत नाही. आणि ती बाई होती म्हणून सौम्य बोला, असे सुचवणाऱ्यांना एवढेच सांगतो की त्याच साली, त्याच नावाची दुसरी एक बाई ग्वाल्हेरजवळ जूनमध्ये लढता लढता पडली होती. तिच्यावरही दाब होता. तिचेही राज्य जात होते. झाशीच्या लक्ष्मीबाईला बाई म्हणून सवलत कुणी दिली नाही आणि तिने मागितलीही नाही.

आता आम्ही सर्वांत अवघड गोष्टीकडे वळतो. एटापल्लीत बसून फितुरीवर अग्रलेख लिहिणे म्हणजे काय, हे या तालुक्याबाहेरच्या वाचकाला कदाचित कळणार नाही. इथे गेली कित्येक वर्षे ‘खबऱ्या’ या एका शब्दाने माणसे मारली आहेत. रात्री दार वाजते, माणसाला बाहेर बोलावतात, सकाळी रस्त्याच्या कडेला तो पडलेला असतो आणि जवळ चिठ्ठी असते: पोलिसांचा खबऱ्या. नक्षलवाद्यांच्या या न्यायात न साक्षीदार, न सुनावणी, न दयामाया. मेलेला कोण असतो? बहुतेक वेळा आमचाच माडिया, गोंड. तेंदूपत्ता तोडणारा, दोन एकरांत धान करणारा, पोरगे आश्रमशाळेत घातलेला बाप. दुसऱ्या बाजूने, रात्री बंदूकवाल्यांना भात दिला म्हणून ज्याला चौकशीला बसवतात, तोही हाच माणूस. या माणसाला आम्ही फितूर म्हणणार नाही, आणि म्हणणाऱ्या प्रत्येक तोंडाचा आम्ही धिक्कार करतो. ज्याच्या कानशिलाला बंदूक लावली आहे, ज्याच्याकडे ना वाडा, ना शिपाई, ना वकील, त्याने भीतीपोटी वाट दाखवली, पाणी दिले, एखादे नाव सांगितले, तर तो अपराध बंदुकीचा आहे. गद्दार हा शब्द झोपडीकडे फेकायचा नसतो. तो वाड्याकडे, गादीकडे, खुर्चीकडे पाहून उच्चारायचा असतो. ज्याच्यापाशी नकार देण्याइतके बळ होते आणि ज्याने त्या बळाचा सौदा करून नफा घरी आणला, तो फितूर. या कसोटीवर अहेरीची लक्ष्मीबाई उभी राहते, सर्बियाचा नेडिच उभा राहतो, तात्या टोप्यांना एप्रिल १८५९ मध्ये झोपेत धरून देणारा नरवरचा मानसिंग उभा राहतो. रस्त्याकडेला मरून पडलेला माडिया उभा राहत नाही. बाबुरावांचे नाव घेऊन जे गरिबांच्या छातीवर चिठ्ठ्या ठेवतात, त्यांनी बाबुरावांचे नाव घेऊ नये. तो हक्क त्यांनी गमावला आहे.

आणि ही कसोटी आजच्यासाठीही आहे. रानाखाली लोखंड आहे, रानावर सागवान आणि बांबू आहे, आणि त्याकडे साऱ्या जगाचे डोळे लागले आहेत. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला तिचा शब्द दिला. तो शब्द विकत घेता येत नाही. म्हणून ग्रामसभेच्या नावाने सही करणारा माणूस विकत घ्यावा लागतो. गावाला न विचारता ठराव लिहून देणारा, सुनावणीच्या दिवशी गावाऐवजी भाड्याची माणसे गाडीत भरून नेणारा, आणि मग ठेका, गाडी, पद अशा रूपाने आपली ‘६७ गावे’ घरी आणणारा जो कुणी असेल, त्याने आपण कोणाच्या पंगतीला बसलो आहोत हे ओळखावे. आम्ही कुणाचे नाव घेत नाही. ज्याच्या पोटात गोळा येईल त्याने ते आपले आपण ओळखावे.

सरकारकडे आणि समाजाकडे आमची मागणी आहे. चंद्रपूरच्या तुरुंगात बाबुरावांना वंदन करताना, त्यांच्या चरित्राच्या प्रत्येक पुस्तकात आणि प्रत्येक पाटीवर, ‘फितुरीने पकडले गेले’ या गुळमुळीत ओळीच्या जागी स्पष्ट लिहा: अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईने इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात अडपल्ली-घोटची ६७ गावे घेतली. शाळेच्या पुस्तकात बाबुरावांचा धडा असेल तर त्यात हे असले पाहिजे, आणि व्यंकटरावांचे नाव असले पाहिजे. त्यांनी काळे पाणी भोगले आणि आमच्या मिरवणुकांत त्यांचे चित्रसुद्धा दिसत नाही, ही आमची दुसरी कृतघ्नता आहे. घोट आज गडचिरोली जिल्ह्यातच, चामोर्शी तालुक्यात आहे. त्या गावाने १८६० साली आपला धनी गमावला आणि ज्यांनी बंड मोडायला हात दिला त्यांच्याच दावणीला ते बांधले गेले. तिथे व्यंकटरावांचे स्मारक उभे राहिले पाहिजे, आणि त्या स्मारकावर कुणाच्या हातून काय झाले ते मराठीत आणि गोंडीत, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत कोरले पाहिजे. येत्या २१ ऑक्टोबरला व्यासपीठावर चढणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला आम्ही हा एकच प्रश्न विचारणार आहोत: बाबुरावांना कुणी धरून दिले? जो उत्तर टाळील त्याने हार घालायला हात पुढे करू नये.